आज कुठलं पाणी सोडलंय?

गेल्या रविवारी आमच्या गल्लीतली पोरं मोटारसायकली काढून भंडारदऱ्याला जाऊन आली, आणि संध्याकाळी सूनबाईच्या मोबाईलवर धबधब्यांची रांग लागली. एक दिसतोय न दिसतोय तोवर तिचं बोट वर सरकायचं, की दुसरा हजर. मी म्हटलं, "अगं थांब जरा, पाणी खाली तरी पोचू दे." ती हसली. "आई, पंधरा सेकंदांचाच असतो तो," म्हणाली.

पंधरा सेकंद! मला इस्माईलभाई आठवले, आणि आठवले ते चार दिवस झाले तरी उठून जाईनात. म्हणून हे लिहायला घेतलंय. हा माणूस एका धबधब्याला अख्खा दिवस द्यायचा.

आमचं गाव नेवासे तालुक्यात, प्रवरेच्या कालव्याच्या अगदी शेवटी. त्या शेवटाला आम्ही टेल म्हणतो, आणि आमची ओळखही तीच, टेलवाले. वर धरणातून कालव्याला ठरावीक दिवस पाणी सोडतात, त्याला म्हणायचं आवर्तन. वरची गावं भिजवून, मधली गावं मोटारी लावून जे उरेल ते आमच्यापर्यंत येणार. कधी येतं, कधी नुसती बातमी येते. त्यामुळे आमच्याकडे दोन माणसं भेटली की आधी पाण्याचं विचारतात आणि मग तब्येतीचं.

इस्माईलभाई आमचे शेजारी. जातीनं आणि धंद्यानं नालबंद. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायचं काम. बुटका माणूस, मनगटं मात्र मुसळासारखी, आणि डाव्या अंगठ्याचं नख कायम काळं, कारण वर्षातून एकदा तरी हातोडी तिथं बसायचीच. बैल पाडायचा, चारी पाय बांधायचे, आणि हे मांडी घालून त्याच्या खुराशी बसणार, गिऱ्हाइकापुढं न्हावी बसावा तसं. काम झालं की बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "उठा पाव्हणं, नवीन चपला आल्या." घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांची जागा ठरलेली होती. दिवाळीच्या आधी ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात, गाडीचे बैल महिनोन्‌महिने डांबरी रस्त्यावर चालणार, त्याआधी त्यांना पत्री मारावी लागते. पावसाळ्याच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत भाईंच्या दारात बैलांची रांग असायची. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

तर हा माणूस एकदा नगरच्या भंगार बाजारात नालांसाठी लोखंडी पट्ट्या बघायला गेला. तिथं एका फुटक्या ट्रंकेत फडक्यात बांधलेला गठ्ठा दिसला. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातून निघालेली ट्रंक असावी. भंगारवाला म्हणाला, जुने कागद आहेत, घेऊन जा, पट्ट्या गुंडाळायला होतील. भाईंनी तिथंच फडकं सोडलं, बघत बसले, आणि पट्ट्या दुकानातच विसरून घरी आले. त्यांची बायको सुगराबी मला कितीदा तरी सांगायची, "लोखंड आनायला गेल्ते आन पानी घेऊन आले. असा नवरा कुनाला मिळाला न्हाई बाई."

गठ्ठ्यात पोस्टकार्डं होती. आपली पिवळी सरकारी नव्हेत. विलायती, जाड पुठ्ठ्यासारखी, एका बाजूला चित्र आणि मागं लिहायला जागा. आणि प्रत्येक चित्रात एक धबधबा. ज्यानं कुणी जमवली त्याला बाकी कशाचं वेड नसावं; ना राजवाडे, ना बागा, सगळं पाणीच. काही काळी-पांढरी, काहींवर नंतर हातानं रंग भरलेला. नायगाराचं पाणी हिरवंगार, आणि त्याच्यापुढं घोट्यापर्यंत झगे घातलेल्या तीन बायका छत्र्या धरून उभ्या. सुगराबी म्हणायची, "भिजायची एवढी भीती हुती तर गेल्या कशाला?" कर्नाटकातल्या जोगचं कार्ड काळं-पांढरं, चार धारा वेगवेगळ्या. गोकाकच्या कार्डात धबधब्याच्या काठालाच गिरणी. आफ्रिकेतला एक होता, तो एका कार्डात मावतच नव्हता, म्हणून दोन कार्डं जोडलेली, घडी घालायची. आणि एकात पाणी चक्क गुलाबी. माझे यजमान म्हणायचे, रंगवणाऱ्याची बाटली चुकली. भाई ऐकायचे नाहीत. "मावळतीचं ऊन हाय ते. तुमी मावळतीला कधी घरी असता का?"

कार्डं होती एकतीस. भाईंनी त्याचा असा हिशेब लावला, की महिन्याला बरोबर पुरतात. सकाळची नमाज झाली, की हात साबणानं धुवायचे, खांद्यावरच्या पंच्याला कोरडे करायचे, डब्यातून त्या दिवसाचं कार्ड कडांना धरून काढायचं आणि ओसरीवरच्या कोनाड्यात उभं करायचं. सूर्य मावळला की परत डब्यात. तीस दिवसांचा महिना आला, की एका कार्डाची पाळी हुकायची, तर त्याला पुढच्या महिन्याच्या एक तारखेला आधी बसवायचे. फेब्रुवारीत त्यांची फार ओढाताण व्हायची.

गल्लीनं ही रीत अशी उचलली, की सकाळी पाण्याला जाणारी प्रत्येक बाई ओसरीपुढं थांबून विचारायची, "भाई, आज कुठलं पाणी सोडलंय?"

"आज गोकाक. सांजंपर्यंत चालू ऱ्हाईल."

कुणी कार्ड हातात घेतलंच तर एकच अट. "सरळ धरा. तिरपं केलं की पानी सांडंल." हे ते हसून म्हणत नसत. आमचा धाकटा दीर एकदा मुद्दाम तिरपं करून म्हणाला, "बघा, सांडलं का?" भाईंनी कार्ड काढून घेतलं आणि त्याच्या पायाखालच्या जमिनीकडं बघत म्हणाले, "सांडलंय. तुला दिसत न्हाई."

एका उन्हाळ्यात टँकरवर आमची भांडणं लागली. मीही होते त्यात, खोटं कशाला सांगू. माझा हंडा पुढं होता की काशीबाईचा, यावरून आम्ही दोघींनी एकमेकींच्या माहेरापर्यंतची उजळणी केली. टँकरवाला पाईप बंद करून बिडी ओढत बसला. तेवढ्यात भाई आले. हातात नायगारा. खरं तर त्या दिवशी पाळी दुसऱ्याच कुणाची होती. टँकरच्या चाकावर एक पाय ठेवून त्यांनी कार्ड उंच धरलं. "ज्यादा आवर्तन सोडलंय. टेलपर्यंत पुरंल. लाईन लावा." काशीबाईच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. "भाई, ह्यातलं हंडाभर द्या मंग," ती म्हणाली. "देतो की. पन झाकन नीट लाव, हिरवं पानी हाय, कपड्याला डाग पडतील." त्या दिवशी काशीबाईनं माझा हंडा स्वतः भरून दिला. ती आता नाही, पण ती गोष्ट सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची.

कार्डांवरची नावं इंग्रजीत. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मराठी. भाईंचं त्याहून कमी. तर मी माझ्या पोराच्या पुस्तकातून एबीसीडी शिकले, केवळ ती नावं लावायला. ओसरीच्या पायरीवर बसून मी एकेक अक्षर जुळवायचे आणि भाई वाट बघायचे, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बापानं बघावी तशी. नाव सुटलं की म्हणायचे, "आता ह्याला हाक मारता येईल."

पाठीमागचा मजकूर मात्र माझ्या आवाक्याबाहेरचा. बारीक, तिरकं, वेलीसारखं अक्षर. तो वाचायला शाळेतले इंग्रजीचे गुरुजी एका सुट्टीच्या दिवशी आले. भाईंनी चहा, खारी, सगळी तयारी केली. त्यांना वाटत होतं, धबधबा बघून आलेली माणसं, काय काय लिहिलं असेल! गुरुजींनी जोगचं कार्ड उलटलं, चष्मा सरसावला. "काय म्हनतोय?" भाई.

"म्हणतोय, इथली हवा दमट आहे. जेवण बरं नाही. माझ्या पाठीला अजून आराम नाही. कुत्र्याला वेळेवर खायला घाला."

"आन पान्याचं?"

"पाण्याचं काही नाही."

"नीट बघा गुरुजी, खालच्या कोपऱ्यात आसंल."

"खाली त्याची सही आहे."

भाई खरोखर चिडले. असं चिडताना मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलंय. "एवढं समोर पडतंय, आन ह्यो पाठीचं लिवतोय? मी असतो तर..." आणि तिथं थांबले.

ते का थांबले, ते मला पुढं शाळेत जे घडलं त्यानंतर कळलं. त्याच गुरुजींनी भूगोलाच्या तासाला भाईंना कार्डं घेऊन बोलावलं. भाईंनी इस्त्रीचा सदरा घातला. कार्डं हातोहात फिरवायला त्यांनी नकार दिला. बाकावर मांडली आणि मुलांना हात पाठीमागं बांधून ओळीनं पुढून जायला लावलं. शेवटी दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "चाचा, ह्यातला तुमी कंचा बघितला?"

"एकबी न्हाई."

"मंग हे खरं हाय कशावरून?"

गुरुजींनी तिला दटावलं. भाई म्हणाले, "राहू द्या. बरोबर इचारतीय ती." संध्याकाळी सुगराबीनं मला भिंतीवरून सांगितलं, जेवले नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी म्हटलं, "भाई, अहो आपल्याच जिल्ह्यात रंधा धबधबा आहे. प्रवरेचाच. नगर-मनमाड रस्त्याला लागायचं, कोल्हारवरून संगमनेर, पुढं अकोले. गाडी केली तर दुपारपर्यंत पोचाल. कशासाठी अडलंय?"

"पावसाळ्यातच असतो न्हवं तो? आन पावसाळ्यात बैल."

"एक दिवस बैल थांबतील."

"टोळीवाले कुठं थांबतात? मुकादमाची गाडी निघाली की निघाली." मग हळूच म्हणाले, "आन आक्का, तिथं गेलो आन कार्डापरीस बारीक निघाला तर?"

अशी दहा-बारा वर्षं गेली. दर श्रावणात मी विचारायचे, दर श्रावणात दारात बैल असायचे. मीही काही फार नेट लावला नाही. शेजारचं माणूस कुठं जातंय, असंच वाटत राहतं.

मग एका हिवाळ्यात भाईंनी पत्रीचा खिळा बैलाच्या जिवंत नखात मारला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. बैल ओरडला, आणि त्याच्याहून जास्त भाई हादरले. नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू निघाला. उजवा डोळा जवळजवळ गेलेला. डाव्यात कडेला थोडी नजर उरलेली. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, उरलंय ते औषधाचे थेंब घालून टिकवायचं. किती दिवस टिकेल, हे सांगता येत नाही.

भाई परत आले, ओसरीवर बसले. मी विचारलं तर म्हणाले, "टेलला थोडं पानी हाय अजून." मला हसावं की रडावं कळेना. थेंबांच्या वेळा त्यांनी अशा पाळल्या, की गल्ली घड्याळ लावून घ्यायची. आणि मग एक दिवस स्वतःहूनच म्हणाले, "आक्का, आता बघून घ्यायला पायजे. औंदा बैल दुसरा कुनी बघंल. पन पावसाला अजून पाच म्हैने हायेत. तवर ही धार ऱ्हाईल का?"

यानंतर जे घडलं ते माझं. माझ्याच डोक्यातून निघालं.

मार्च संपता संपता कालव्याला आवर्तन आलं. आणि त्या वर्षी काय झालं कोण जाणे, टेलला पाणी आलं, तेही दोन्ही काठ भरून. मी कालव्यावर धुणं धूत होते आणि धुता धुता विचार केला: हे पाणी कुठलं? प्रवरेचं. प्रवरा कुठून येते? भंडारदऱ्याहून. मध्ये काय? रंधा. म्हणजे इथं जर एवढं पाणी पोचलंय, तर तिथं धबधबा कोसळत असणार! मी पीळ दिलेलं लुगडं तसंच बादलीत टाकलं आणि पळत आले. "भाई, पाऊस कशाला पाहिजे? पाणी सुटलंय. चला!"

आता हसू नका. टेलला जन्म काढलेल्या कुणाही बाईनं हाच हिशेब केला असता. आम्हाला पाणी म्हणजे वरून कुणीतरी सोडतं ते. पाटकऱ्याला, म्हणजे कालव्याचं पाणी वाटणाऱ्या माणसाला, विचारलं, तोही म्हणाला, "पंधरा दिवस चालू ऱ्हाईल." झालं. शनिवारी पहाटे माझ्या संजयनं जीप काढली. पुढं भाई, मागं सुगराबी आणि मी. डब्यात भाकऱ्या, ठेचा, भाईंचं थेंबाचं औषध ओल्या फडक्यात गुंडाळलेलं.

रस्ताभर नदी बरोबर. कोल्हारला पुलावरून पाणी दिसलं, भाई म्हणाले, "चालू हाय." संगमनेरच्या पुढं पुन्हा दिसलं. "आक्का, वाढतंय." अकोल्याच्या पुढं डोंगर सुरू झाले तसे ते डावीकडच्या खिडकीला चिकटून बसले, जो डोळा चालत होता तो काचेला लावून. सुगराबी मला कोपर मारून म्हणाली, "निकाहच्या दिवशीबी एवढे उतावीळ न्हवते."

मग एक मोठी भिंत आली आणि तिच्यामागं लांबवर पसरलेलं पाणी. संजय म्हणाला, "हे निळवंडे धरण." मी मान वळवून ती भिंत मागं जाईपर्यंत बघत राहिले. भंडारदऱ्याचं मला ठाऊक होतं. मध्ये आणखी एक धरण झालंय हे कानावर होतं, पण धुणं धुताना ते माझ्या हिशेबात आलंच नव्हतं.

रंध्याला उतरलो. आवाज नाही. पायऱ्या उतरून कठड्याशी गेलो. समोर काळा कातळ. उंचच्या उंच, कोरडा, वरून खालपर्यंत उन्हात तापलेला. एका भेगेतून सुतळीएवढं पाणी ओघळत होतं, तेही निम्म्यावर वाळून जायचं.

तिथं एका बाईची चहाची टपरी होती. ती म्हणाली, "आत्ता कसं आलात? पाणी खालच्या धरणातून सुटलंय. वरून कुठं सोडलंय? श्रावणात या."

मी पायरीवर बसले. म्हटलं, "भाई, माझं चुकलं." सुगराबी डब्याचं फडकं सोडून पुन्हा बांधत बसली. संजय तेवढा पुटपुटला, "आई, एक फोन करून विचारायचं तरी."

भाई कठड्याशी उभे होते. मान जरा उजवीकडं वळवून, डाव्या डोळ्याच्या कडेनं त्यांनी तो कातळ वरून खाली, पुन्हा खालून वर बघितला. मला वाटलं, आता रडतील. ते वळून टपरीवाल्या बाईला म्हणाले, "बाई, पानी कुठनं पडतं?"

तिनं हात केला. "त्या तिथनं. दोन भाग होतात, मग खाली एक."

"आन तुषार कुठवर येतात?"

"इथवर. ऑगस्टमध्ये टपरीतली काडी पेटत नाही. मी बंद करून वरच्या अंगाला जाते."

"आन आवाज?"

"आवाजाचं काय सांगू बाबा. माझा नवरा काय बोलतो ते दोन महिने ऐकू येत नाही. सुखाचे दिवस."

भाई हसले. मग जिथवर तुषार येतात म्हणून तिनं दाखवलं होतं, नेमक्या त्या जागेवर जाऊन उभे राहिले. किती तरी वेळ. येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "आक्का, उठा. भाकरी खाऊ. कातळ बघितला का? किती घासलाय. एवढा दगड झिजवायचा म्हंजे काय थोडं पानी पडलं आसंल? त्या पोरीला सांगा, खरं हाय."

परत येताना जीपमध्ये त्यांनी डोकं मागं टेकलं आणि झोपले. पण मला ठाऊक आहे, ते झोपले नव्हते. कोल्हारच्या पुलावर त्यांनी डोळे उघडले नाहीत.

त्यानंतरचे चार महिने मी त्यांच्या डोळ्यांची नजर मोजण्यात काढले. भिंतीवरून विचारायचे, "भाई, मी कुठल्या रंगाचं लुगडं नेसलेय?" जूनपर्यंत बरोबर सांगत. जुलैत हिरवं आणि निळं एक झालं. कोनाड्यात कार्ड लावायचे, पण कुठलं लावलंय ते कडांवरून, बोटांनी ओळखून. मला म्हणायचे, "तुमी उगा मनाला लावून घेता. बैल पडल्यावर उठायला जरा येळ लागतोच."

ते गेले त्याला आता चार वर्षं होतील. श्रावण संपताच मुलीनं त्यांना श्रीरामपूरला नेलं होतं; तिथंच, त्या थंडीत, छातीच्या दुखण्यानं. मी गेले तेव्हा मयत उठलेली होती. कार्डांचा डबा सुगराबीकडं आहे. ती कुणाला हात लावू देत नाही, मलाही नाही, आणि मी मागतही नाही. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्याआधी, श्रावणातच.

कारण आम्ही पुन्हा गेलो होतो. या वेळी संजयनं तीन फोन केले. सगळे म्हणाले, या, नदी उड्या मारतेय. भाईंच्या डोळ्यांत तेव्हा फक्त उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं, आणि डाव्याच्या टोकाला, ते म्हणायचे, "दाराची फट उघडी असावी एवढं." मी मनात धरलं होतं, त्या फटीतून जेवढं दिसेल तेवढं दिसू दे.

राजूरच्या पुढं धुकं लागलं. संजयनं भर दिवसा दिवे लावले. रंध्याला उतरलो तर आवाज पायांतून वर चढत होता. जमीन हलल्यासारखी. सुगराबीनं भाईंचा एक हात धरला, मी दुसरा, आणि पायऱ्या उतरून कठड्याशी गेलो. आणि समोर काही नाही. पांढरं. वर, खाली, समोर, सगळं पांढरं. पीठ उधळल्यासारखं धुकं, त्यात तुषार. कठड्याच्या पलीकडं हातभरावर जग संपत होतं.

शेजारी कॉलेजची पोरं उभी होती, मोबाईल उंच धरून. "काहीच दिसत नाही यार. एवढ्या लांब आलो."

भाईंनी माझ्या हाताला झटका दिला. "काय म्हनत्यात ती?"

"म्हणतात, काही दिसत नाही."

"त्यांनाबी?"

"त्यांनाही."

"आन तुमाला?"

मी पदरानं चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. "नाही भाई. नुसतं पांढरं."

"पांढरंच न्हवं?"

"पांढरंच."

"आन ते आसं हलतंय, आतल्या आत?"

"हो. हलतंय."

भाईंचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. ते एक पाऊल पुढं झाले, कठड्याला पोट टेकलं, टोपी काढून खिशात घातली. "मंग बरोबर हाय," म्हणाले. "मलाबी तेवढंच दिसतंय." पाणी त्यांच्या डोक्यावरून, दाढीवरून गळ्यात उतरत होतं. सुगराबी छत्री धरायला गेली तर त्यांनी ती बाजूला सारली. पोरं कंटाळून भज्यांकडं गेली. सुगराबी म्हणाली, "अजी, थंडी बाधंल, चला." ते म्हणाले, "थांब गं. बघू दे." आम्ही तिघं तिथं ते पांढरं बघत उभे राहिलो. अर्धा तास तरी.

मग ते आपण होऊनच वळले. सुगराबीनं हात धरला आणि दोघं पायऱ्या चढू लागले. मी मागं छत्री मिटत होते. आणि पाठीवर वारं आल्यासारखं वाटलं म्हणून वळले.

धुकं फाटलं होतं. एवढंसं नव्हे, सगळं. पाणी समोर उभं होतं. दोन बाजूंनी येऊन एक झालेलं, मातकट, दणदणीत, त्या काळ्या कातळाचा मागमूस नसलेलं. कुठल्याही कार्डापेक्षा मोठं. भाई आठ-दहा पायऱ्यांवर होते. ओरडून हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मी हाक मारली नाही.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांना फिरवून खाली आणेपर्यंत मिटलं असतं म्हणून? की त्या फटीत एवढं मावलं नसतं, आणि आपल्याला दिसतंय ते त्यांना दिसत नाही हे त्यांना कळलं असतं, म्हणून? की मावलं असतं? दहाएक श्वास ते तसंच उघडं होतं. मी एकटी बघत उभी राहिले. मग पुन्हा पांढरं झालं.

वर गेले तेव्हा भाई थांबलेले होते. "आक्का, मागं का ऱ्हायलात?"

"चप्पल अडकली होती."

"द्या हात. चिखल हाय हितं, सांभाळून." त्यांनी हवेत हात पुढं केला, मला शोधत, जरा चुकीच्या बाजूला. मी सरकून त्या बाजूला गेले आणि तो हात धरला. आणि ज्याला वाट दिसत नव्हती त्या माणसानं, एकेक पायरी पायानं चाचपत, मला वर नेलं.